साखरेची तहान गोळीवर

दिवाळीच्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मिठाईच्या दुकानात डोकावून पाहा. पेढे, बर्फी, काजूकतली यांच्या शेजारी एक तबक जरा फटकून मांडलेले असते. त्यावर 'शुगर फ्री' अशी पाटी असते आणि भाव शेजारच्या तबकापेक्षा चढा असतो. वस्तूतून एक जिन्नस काढून घेतला की ती महाग का व्हावी, हे आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेल्या माझ्यासारख्यालाही चटकन उलगडत नाही. पण गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. त्या भावात मिठाईबरोबर ती खाण्याची परवानगीही मिळते ना!

ही परवानगी आता घरोघर पोचली आहे. चहाच्या ट्रेमध्ये साखरेच्या भांड्याशेजारी गोळ्यांची चिमुकली डबी असते. नातवंडे 'डाएट' लिहिलेला कोला पितात. च्युइंगम, टूथपेस्ट, खोकल्याचे औषध, व्यायामशाळेतल्या तरुणांची प्रोटीन पावडर, या सगळ्यांत साखर नसलेली गोडी शिरली आहे. आणि जिथे चार माणसे जमतात तिथे वाद ठरलेला. एक पक्ष म्हणतो, "वजन उतरवायचंय ना? मग साखर सोडा आणि गोळी धरा." दुसरा म्हणतो, "अहो, त्या गोळीनंच वजन वाढतं, वाचलं नाहीत का?" गंमत म्हणजे दोघांकडेही संशोधनाची कात्रणे असतात आणि दोघांचीही कात्रणे खरी असतात. मग सामान्य माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

न धुतलेल्या हातांचा शोध

या कृत्रिम गोडीचा इतिहास मोठा मजेदार आहे. वजन कमी करण्यासाठी म्हणून कुणी ती शोधलीच नाही. १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करीत होता. संध्याकाळी तो जेवायला बसला, तर हातातला पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते, एवढेच कारण! त्यातून सॅकरिन जन्माला आले. साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड. दोन्ही महायुद्धांत साखरेची टंचाई झाली, तेव्हा त्याचा खप वाढला; म्हणजे ते आले ते गरिबाची साखर म्हणून.

पुढचे शोधही असेच. १९३७ साली मायकेल स्वेडा या विद्यार्थ्याने प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठांत धरली, ती गोड लागली, सायक्लामेट सापडले. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले, तर ॲस्पार्टेम हाती आले. आणि १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये प्रा. लेस्ली हफ यांनी शशिकांत फडणीस या आपल्या संशोधक विद्यार्थ्याला साखरेपासून तयार केलेले एक क्लोरिनयुक्त संयुग 'तपासायला' सांगितले. फडणिसांनी ऐकले, 'चाखायला'. इंग्रजीत त्या दोन शब्दांचे स्पेलिंग वेगळे असले, तरी देवनागरीत दोन्ही 'टेस्ट' असेच लिहावे लागतात. तेव्हा फडणिसांना दोष कसा द्यायचा? त्यांनी जिभेवर ठेवले आणि साखरेच्या सहाशे पट गोड असे सुक्रालोज जगाला मिळाले.

गरिबाची ही साखर श्रीमंतांच्या टेबलावर गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा पोटभर मिळण्यापेक्षा पोट सुटण्याची चिंता मोठी झाली. आपल्याकडे हे वळण थोडे उशिरा आले. आमच्या पिढीचे बालपण रेशनच्या साखरेवर गेले. पाहुणे आले की डब्याच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. त्याच पिढीला आता साखर समोर असून खाता येत नाही.

कागदावरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साधा जमाखर्च मांडून पाहू. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर ८ चमचे, ४० ग्रॅम, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली आदर्श मर्यादा आहे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. आपले चार कप चहानेच ती ओलांडली. बिस्किटे, जॅम, सरबत, शिरा अजून हिशेबात धरलेच नाहीत.

या आठ चमच्यांच्या जागी गोळ्या घातल्या तर दिवसाला १६० कॅलरी वाचल्या. वर्षाला झाल्या ५८,४००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. भागाकार करा. वर्षात साडेसात किलो वजन उतरायला हवे! हा हिशेब पाहिला की कुणालाही वाटेल, आजच डबी आणावी.

पण असा साडेसात किलो उतरलेला माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या तरी नाही.

आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर अगदी निष्ठेने गोळीवर गेले. सहा महिन्यांनी वजनकाटा जिथल्या तिथे. ते खट्टू झाले. घरच्यांनी "तुमचा मनोनिग्रहच नाही" असा शेरा मारून टाकला. वहिनी मात्र हिशेबी. त्यांनी काही न बोलता पंधरा दिवस एका वहीत टिपून ठेवले. चहातली साखर गेल्यापासून चहाबरोबरची खारी दोनाची चार झाली होती. संध्याकाळी फिरून येताना मित्रांबरोबर गाडीवर एक बटाटेवडा होऊ लागला होता. "अहो, चहात साखर नाही म्हणून हे चालतं, असं तुम्हीच म्हणालात," वहिनींनी वही पुढे केली. एका मध्यम वड्यात दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. चार कप चहात जे वाचवले ते एका वड्यात सव्याज परत गेले होते.

यात स्नेह्यांचा लबाडपणा नव्हता. देहाचे खाते असेच चालते. एका बाजूला आवक कमी झाली की तो दुसरीकडून भरून काढायला पाहतो. काही अंशी ही भूक असते आणि काही अंशी 'आज आपण त्याग केला आहे' ही भावना. बँकेतही पाहिले आहे: पगारवाढ कागदावर येण्याआधीच माणसे ती खर्चून मोकळी होतात. शिवाय वजन थोडे उतरले की शरीर स्वतःचा खर्चही कमी करते, त्यामुळे कागदावरचा सरळ भागाकार अंगाला लागू पडत नाही.

छत्री आणि पाऊस

मग गोळीने वजन वाढते म्हणणाऱ्यांचे काय? त्यांचा आधार मुख्यतः मोठ्या पाहण्यांचा आहे. १९८६ साली अमेरिकेत ५० ते ६९ वयाच्या ७८,६९४ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. कृत्रिम गोडी वापरणाऱ्या स्त्रियांचे वजन वर्षभरात वाढण्याचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक दिसले. त्यानंतरच्या अनेक दीर्घकालीन पाहण्यांत हेच चित्र आले.

पण इथे एक मेख आहे. रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी पाऊस जास्त पडतो. म्हणून छत्र्यांनी पाऊस पाडला असे आपण म्हणत नाही. ज्यांचे वजन वाढू लागलेले असते, ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह असतो, ज्यांना डॉक्टरांनी बजावलेले असते, तेच तर डबी विकत घेतात. सडपातळ माणूस कशाला त्या वाटेला जाईल? पाहणी करणारे असे फरक गणिताने वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळे वजा होतातच असे नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा पुरावा पाहावा लागतो: माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला साखर द्यायची, दुसऱ्याला गोडी द्यायची. असा एक उत्तम प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाच ते अकरा वर्षांच्या आसपासची ६४१ मुले. रोज २५० मिलिलिटरचे एक पेय. निम्म्यांना साखरेचे, निम्म्यांना बिनसाखरेचे. कुणाच्या डब्यात काय आहे हे मुलांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. दीड वर्षाने पाहिले तर साखरवाल्या मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोंनी वाढले होते आणि बिनसाखरवाल्यांचे ६.३५ किलोंनी. वाढत्या वयाची मुले, वजन दोघांचेही वाढणारच. पण एका डब्याने दीड वर्षात एक किलोचा फरक पडला. म्हणजे साखरेच्या सरबताच्या जागी बिनसाखरेचे आले तर फायदा होतो, हे नाकारता येणार नाही.

पाण्याशी गाठ

इथेच खरा प्रश्न उभा राहतो, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष तो विसरतात. फायदा झाला तो कुणाच्या तुलनेत? साखरेच्या. पण गोड पेयाला साखर हा एकच पर्याय आहे का? आपल्या माठात पाणी आहे की!

पाण्याशी तुलना करणारे प्रयोगही झाले आहेत आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका वर्षभराच्या कार्यक्रमात ३०३ जणांचे दोन गट केले. डाएट पेये पिणाऱ्यांचे वजन सरासरी ६.२ किलोंनी उतरले, पाणी पिणाऱ्यांचे अडीच किलोंनी. हा अभ्यास २०१६ साली आला आणि त्याला पैसा होता अमेरिकेतल्या पेयउत्पादकांच्या संघटनेचा. त्याआधी, २०१५ साली, इराणमधल्या अभ्यासाचे उत्तर उलटे होते. आहार आखून दिलेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी दुपारच्या जेवणानंतर डाएट पेयाऐवजी पाणी घेतले त्यांचे वजन २४ आठवड्यांत ८.८ किलोंनी उतरले, डाएट पेय घेणाऱ्यांचे ७.६ किलोंनी.

पैसा कुणाचा हे पाहून निष्कर्ष फेकून देणे बरोबर नाही. पण कर्जप्रकरण तपासताना जामीनदार अर्जदाराचाच मेहुणा निघाला तर अधिकारी कागद दोनदा वाचतो, तेवढी सावधगिरी हवी. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. वजन उतरले ते ज्यांनी आखून दिलेला आहार पाळला त्यांचे. पेय कुठले, हा त्यातला छोटा हिस्सा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरचे २८३ अभ्यास एकत्र करून तपासले आणि मे २०२३ मध्ये आपला सल्ला जाहीर केला: वजन ताब्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडीचा आधार घेऊ नये. प्रयोगांत तिने वजन सरासरी ०.७१ किलोने कमी झाले, पण यातले बहुतेक प्रयोग थोड्या महिन्यांचे होते. दीर्घकालीन पाहण्यांत तर लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी तिचा संबंध दिसला. अर्थात तिथे आपली छत्री-पावसाची शंका आहेच आणि संघटनेनेही ती मान्य केली आहे. म्हणूनच हा सल्ला ठाम आदेशाच्या नव्हे, सशर्त शिफारशीच्या स्वरूपाचा आहे. 'नैसर्गिक' म्हणून खपणारी स्टीव्हियाची गोडीही यात आली, हे लक्षात ठेवलेले बरे.

गोडीमुळे भूक चाळवते का, आतड्यातले जिवाणू बदलतात का, यावरही काम चालू आहे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तसे दिसले, माणसांवरची उत्तरे संमिश्र आहेत. आणि कर्करोगाची भीती? जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा यादीत घातले गेले, तेव्हा घराघरात खळबळ उडाली. पण त्याच वेळी मात्रेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ६० किलोंच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम पडते. एका गोळीत वीसेक मिलिग्रॅम धरले तर शंभराहून अधिक गोळ्या! चहात दोन गोळ्या टाकणाऱ्याने झोप उडवून घ्यायचे कारण नाही. फक्त फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी ॲस्पार्टेमला हातही लावू नये.

ज्यांना साखर वर्ज्यच आहे

वरच्या सल्ल्यातून आधीपासून मधुमेह असलेल्यांना वगळले आहे, हे अनेक बातम्यांत आलेच नाही. आपल्या देशात हा वगळलेला गट लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी प्रश्न वजनाइतकाच रक्तातल्या साखरेचा आणि रोजच्या जगण्यातल्या गोडव्याचाही आहे.

त्यांच्यासाठी चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने नेमका आपल्या सवयीचा प्रयोग केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांच्या चहा-कॉफीतली साखर काढून १२ आठवडे तिच्या जागी सुक्रालोज दिले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी फारशी हलली नाही. वजन सरासरी ०.३ किलोने उतरले, कमरेचा घेर सेंटिमीटरभर. नुकसान काही दिसले नाही, लाभ मात्र अगदी बेताचा. मला हा निष्कर्ष सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजींना दिवसातून दोनदा गोड चहा मिळतो आणि साखर वाढत नाही, तर त्या गोळीने आपले काम केले. त्यांच्यासमोर कॅलरीचे प्रवचन झोडण्यात काय हशील? डॉक्टरांना विचारावे आणि आजींना चहा द्यावा.

फसगत होते ती पाटीवरच्या दोन शब्दांमुळे. 'शुगर फ्री' म्हणजे 'कॅलरी फ्री' नव्हे. शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. साखर काढली तरी काजू काजूच राहतो, खवा खवाच राहतो आणि तूप तूपच. मिठाई बांधून येण्यासाठी त्यात माल्टिटॉलसारखे पदार्थ घालतात, त्यांनाही साखरेच्या निम्म्याहून थोड्या अधिक कॅलरी असतात आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. बिनसाखरेची म्हणून चार तुकडे खाणाऱ्यापेक्षा साखरेचा एक तुकडा खाणारा शहाणा. गुळाचेही तसेच. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. वीस कॅलरींसाठी गुळाला औषध म्हणण्यात अर्थ नाही. चवीसाठी खावा, जरूर खावा.

घरचा तोडगा

तेव्हा गोळीने वजन उतरते का? ती साखरेची जागा घेत असेल आणि वाचलेले दुसऱ्या ताटात जात नसेल, तर थोडे उतरते. ती साखरेच्या सोबतीला, खारीच्या आणि वड्याच्या परवानगीसाठी येत असेल, तर उतरत नाही. दुधाची तहान ताकावर भागवावी. पण ताक प्यायलो म्हणून मागून बासुंदीची वाटी घेऊ नये.

ज्याला वजन उतरवायचे आहे त्याने गोळीकडे कुबडीसारखे पाहावे. पाय मोडला तर कुबडी हवीच, पण डॉक्टर ती कायमची लिहून देत नाहीत. दोन चमचे साखर घेणाऱ्याने महिनाभर दीड करावी, मग एक, मग अर्धा. जिभेची आवड यामुळे बदलतेच असे प्रयोगशाळा अजून छातीठोकपणे सांगत नाही. पण बिनसाखरेच्या चहाला सरावलेल्याला चुकून गोड चहा मिळाला तर तो तोंड वाकडे करतो, हे आपण घरोघर पाहतो. आणि पंधरा दिवस वहिनींसारखी एक वही ठेवावी. स्वतःची नोंद स्वतः करावी, म्हणजे भांडण होत नाही. गोळी घालायचीच तर ॲस्पार्टेमची चहा उकळून झाल्यावर घालावी. उष्णतेने तिची गोडी जाते. खिरीत ती घालून फसू नये.

मुलांच्या बाबतीत मात्र एवढी सवलत नको. साखरेच्या कोल्याऐवजी डाएट कोला द्यावा का, हा प्रश्न घरात येऊच नये. तहान लागली की पाणी, उन्हाळ्यात ताक, कधीतरी कोकम सरबत, तेही बेताच्या साखरेचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला प्रत्येक घोट गोडच लागला पाहिजे अशी सवय लावून ठेवली, तर पुढे गोळ्यांची डबी त्यालाही लागणार आणि मग आपणच त्याला मनोनिग्रहावर व्याख्यान देणार.

ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ऊस सोडा असे ते म्हणाले नव्हते. गणपतीत उकडीचा मोदक होईल तो नारळ-गुळाचाच असावा, वर तुपाची धार असावी; एक घ्यावा, सगळ्यांबरोबर बसून सावकाश खावा आणि दुसऱ्या दिवशीच्या चहातला एक चमचा वळता करून घ्यावा.